अंगावर पाजतेय ती

...आणि वर मलाच म्हणतात, "एलिमेन, तुझ्यासारखं नशीब कुणाचं गं, घरात तुला कोणी ब्र काढत नाही." ब्र काढत नाहीत हीच तर माझी तक्रार आहे. सरका जरा, हं, अश्शा, नाहीतर पोराचे पाय लागतील तुम्हाला, लांबडा झालाय आता, मांडीवर मावत नाही, पण उतरवला की रडतो, आणि रडला की मला घ्यावंच लागतं, मग आधीच का नाही घ्यायचं. ट्रक काही इतक्यात येत नाही. त्या चढावर टायर बसलाय म्हणे, म्हणजे दुपार इथेच, या झाडाखाली, रिकाम्या टोपल्या घेऊन. तुम्ही आमच्या गावच्या नाही, आमच्याकडचं कोणी ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आमच्या आन्स-कोकमध्ये तर मी चार बायकांत जाऊन बसले की बोलणं मधेच तुटतं, कोणीतरी ओठावर बोट ठेवतं आणि म्हणतं, "हळू बोला, अंगावर पाजतेय ती."

आता ही गोष्ट तुमच्याकडेही असेलच म्हणा. पाजत्या बाईला राग आला, धसका बसला, वाईट बातमी कानावर पडली की तिचं रक्त बिघडतं, रक्त बिघडलं की दूध नासतं, आणि नासलेलं दूध पोटात गेलं की पोर हगवणीनं जातं. हैतीत कोणत्याही म्हातारीला विचारा, हेच सांगेल. पण तुमच्या घरातला एखादा माणूस कधीतरी विसरत असेल, चिडत असेल, एखादं भांडं आपटत असेल... आमच्याकडे कोणी विसरत नाही. कारण आमच्याकडे पहिल्या खेपेला डुकराचं प्रकरण झालं.

पहिली माझी विदलिन. पालथी पडायला लागली होती नुकती. आणि शेजारच्या ऑदेतमावशीचं डुक्कर आमच्या रताळ्याच्या वेलात शिरलं. आता डुक्कर वेलात शिरलं तर बाईनं काय करायचं, त्याला बसायला द्यायचं? मी ओरडले. डुकरावर ओरडले, मग डुकराच्या मालकिणीवर ओरडले, मग मालकिणीच्या मेलेल्या आईपर्यंत जाऊन आले, एवढंच. मागे वळून बघते तर सासूबाई दारात उभ्या, डोक्याला हात लावून. "संपलं," म्हणाल्या. "दूध नासलं."

मी म्हटलं, "अहो आई, डुकराला नुसतं हाड म्हटलं मी."

"हाड म्हणताना रक्त चढलं की नाही डोक्यात?"

आता रक्त चढल्याशिवाय हाड कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. पण झालं. मला कडू पाल्याचा काढा, पोरीला पिठाची पेज ओढ्याच्या पाण्यातली, आणि माझी छाती दगड होऊन ठणकतेय, दूध गळतंय, भिंतीकडे तोंड करून मी ते मातीत पिळतेय. पोरगी वाळत गेली. वाचली, देवानंच वाचवली, पण अजून तिच्याकडे बघितलं की वाटतं जोराचा वारा सुटला तर हिला खुंटीला बांधावं लागेल. सासूबाईंनी तेव्हा शपथ घेतली. पुढच्या खेपेला या बाईला राग म्हणून येऊ द्यायचा नाही. ओढ्यावर, बाजारात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे सांगून आल्या. मान क्लेर्मिज म्हणतात त्यांना गावात, मान म्हणजे आई, त्यांच्या शब्दाबाहेर आमच्याकडे वारासुद्धा जात नाही.

मग हा झाला. केर्वेन्स. आणि मी झाले राणी.

म्हणजे सासूबाईंनी बोलणं सोडलं असं नाही हं. माणसाचा स्वभाव काय अंगावरच्या कपड्यासारखा असतो का, काढून ठेवायला? त्यांनी फक्त तोंड फिरवलं. आमच्याकडे एक शेळी आहे. लेकी बोले सुने लागे, पण त्यांना लेक नाही, म्हणून ते शेळीच्या वाट्याला आलं. सकाळी उठून शेळीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, "काय गं भवाने, ऊन डोक्यावर आलं तरी पसरलीस? भांडी कोण घासणार, तुझा बाप येणारे वरून?" शेळी बघत राहायची. आपल्याला भांडी घासायची नाहीत हे शेळीलाही कळत होतं. मी आत पोराला घेऊन पडलेली, हसू दाबत. बरं चाललं होतं. खरंच बरं चाललं होतं.

नवरा माझा, ऑस्नेल. चांगला होता, जरा बावळट, पण चांगला. खिळा ठोकायला घेतला की अंगठ्यावर ठोकायचा. पोर पोटातच होतं तेव्हापासून त्याचं एकच, नासोला जायचं, बहामाला, तिथे काम आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही बाप्याला विचारा, त्याला नासो दिसतं, समोरचा चुलीतला धूर दिसत नाही. पोर मान धरायला लागलं आणि हा होडीत बसून गेला. सासूबाई म्हणाल्या, "ऑस्नेल आला की दूध तोडू." आमच्याकडे तशीच पद्धत आहे, बापे परत आले की बायका दूध तोडतात, कारण मग पुढचं येतंच. ऑदेतमावशीच्या सुनेचं बघा, तिचा नवरा घरातच, कुठे जात नाही, काम करत नाही, तर तिचं एकही मूल वर्षभर प्यालेलं नाही. आठव्या महिन्यात पुन्हा दिवस, की लगेच दूध बंद, कारण ते म्हणे आता पोटातल्याचं, वरच्यानं प्यायचं म्हणजे चोरी. मी म्हणायचे, माझा दूर आहे तेच बरं, निदान हा पोटभर पिईल.

असं बोलू नये कधी. म्हणजे बोललं म्हणून काही होत नाही, पण बोलू नये.

पोर धरून धरून उभं राहायला लागलं होतं. एक दिवस सकाळी मी पडल्यापडल्या ऐकतेय, सासूबाई उठल्या, दार वाजलं, शेळीपाशी गेल्या... आणि काही नाही. मी वाट बघतेय. काही नाही. बाहेर आले तर शेळीच्या मानेला मिठी मारून बसल्यात. मला बघितलं तशा उठल्या, म्हणाल्या, "गोचिडी बघत होते." आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, स्वतः भांडी घासायला बसल्या. दुपारी माशाचं डोकं माझ्या ताटात. आमच्या घरात माशाचं डोकं सासूबाईंचं. लग्न होऊन आल्यापासून मी त्या डोक्याचा डोळासुद्धा चाखला नव्हता. मी म्हटलं, "आई, हे तुमचं," तर म्हणाल्या, "खा गं, अंगावर पाजतेस तू."

लोक म्हणतात मनाला आधी कळतं. मला माशाच्या डोक्यावरून कळलं.

मग सुरूच झालं. रेडिओच्या बॅटऱ्या संपल्या. नव्या आणल्या, त्याही संपल्या. ओढ्यावर गेले की बायका एकदम कपडे आपटायला लागायच्या, धुऊन झालेलेसुद्धा. ऑदेतमावशी, जिच्या मेलेल्या आईपर्यंत मी जाऊन आले होते, ती अंडी घेऊन आली. आणि चर्चमध्ये त्या रविवारी वादळाची गोष्ट होती, येशू होडीत झोपलेत, लाटा येतायत, शिष्य घाबरलेत, ती. फादर वाचायला उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, मांडीवर हा पीत होता, आणि फादर वाचू लागले, "येशू शिष्यांबरोबर पलीकडच्या काठाला जायला निघाले... आणि पोचले." बस्स. पुस्तक मिटलं. आख्खं चर्च आमेन म्हणालं, जरा जास्तच जोरात. इतका सरळ प्रवास बायबलात कोणी केला नसेल.

मग तो तिफ्रेर. तिफ्रेर म्हणजे ऑस्नेलच्याच होडीत बसून गेलेला पोरगा. मी रताळी घेऊन पायवाटेनं येतेय आणि समोरून हा येतोय. आपल्या पायांनी. नासोला गेलेला माणूस आन्स-कोकच्या पायवाटेवर. मला बघितलं आणि शेजारच्या निवडुंगाच्या कुंपणात उडी मारली हो त्यानं. निवडुंगात. तिथूनच, काटे टोचत असताना, कण्हत म्हणतो, "वहिनी, मी काही सांगणार नाही हं."

मी म्हटलं, "काय सांगणार नाहीस?"

"तुम्ही पाजताय," म्हणाला.

मी त्याला बाहेर काढला. मांडीतले काटे उपटून दिले. काय करणार, कोणाचं तरी लेकरू. मी काही विचारलं नाही, नुसतं "हलू नको" म्हणत होते.

त्याच संध्याकाळी, आमची चूल घराच्या मागे आहे, झावळ्यांची भिंत, मी पोराला पाजत पाजतच तिकडे चालले होते आणि आतून ऑदेतमावशीचा आवाज, "एकदाचं सांगून टाक बाई तिला. होडीतले दोघंच पोहत आले. तुझा लेक नाही त्यात. किती दिवस असं गिळून बसणारेस?" आणि सासूबाई, माझ्या सासूबाई, ज्यांचा पोटचा पोरगा, एकुलता एक, त्या काय म्हणाल्या माहितेय? "हळू बोल," म्हणाल्या. "अंगावर पाजतेय ती."

मी उभी राहिले. मला वाटलं आता होईल काहीतरी. खाली पडेन, किंचाळेन, झीट येईल. काही होईना. पोर आपलं पितंय, चुटूचुटू, एका हातानं माझ्या माळेशी खेळतंय. मी त्याच्याकडे बघतेय, आता नासेल, आता नासेल, आता तोंड वाकडं करेल, आता ओकेल... त्यानं ढेकर दिली आणि झोपून गेलं. रडू तर येईचना. रडू छातीतून येतं ना, आणि छाती तर गुंतलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं नाहीस का, की मला कळलं म्हणून? आणि मग? मग म्हणतील दूध नासलं. मग कडू काढा, मग पिठाची पेज, मग ओढ्याचं पाणी. विदलिनचे हात बघितलेत का तुम्ही? नाही बघितलेत. मी रोज बघते. मी मनाशी म्हटलं, याला दुसरी विदलिन करायचं नाही. वर्षाचा होऊ दे, चालू दे, मग सांगेन. तोवर मला काही माहीत नाही. मी आत जाऊन चुलीवरची पेज ढवळली आणि विचारलं, "मीठ घातलंय का?" दोघी एकदम म्हणाल्या, "घातलंय, घातलंय." नव्हतं घातलेलं.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन बायका, एकमेकींना सांभाळून घेतायत. मी विचारलं नाही तर त्यांना संशय येईल, म्हणून मला विचारावं लागायचं, "आई, ऑस्नेलची काही खबर?" आणि त्यांना सांगावं लागायचं. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, शिव्या द्यायची आहे. पहिल्यांदा म्हणाल्या, "बंदरावर हमाली मिळाली म्हणे." मग काही दिवसांनी, "गवंड्याच्या हाताखाली लागला." मग गवंडी झाला. मग, आता ऐका, मुकादम झाला. जिवंतपणी ज्याला खिळा ठोकता आला नाही तो तिकडे पाण्यातून निघून मुकादम झाला, हाताखाली माणसं. मी म्हणायचे, "अगंबाई, हो? जेवतो का पण नीट?" तर म्हणायच्या, "जाड झालाय म्हणे." आणि दोघी आपल्या शेंगा सोलायच्या. मला इतकं खरं वाटायला लागलं ना कधीकधी, की एकदा मी मनातल्या मनात त्याच्यावर रागावलेसुद्धा, एवढा मुकादम झालास तर आईला एक निरोप धाडता येत नाही? मग आठवलं.

आणि दूध कसं, म्हणाल तर साय धरणारं. पोरगं भोपळ्यासारखं टरारलं. सासूबाई ओढ्यावर सांगायच्या, "बघा, माझ्या सुनेला आम्ही कसं शांत ठेवलंय, म्हणून दूध असं." मी शांतच होते. माझ्याइतकी शांत बाई त्या किनाऱ्यावर नव्हती.

आरोग्य केंद्राची ती नर्स येते, मिस नादेज, आंब्याखाली काटा टांगते आणि पोरांना चड्डीसकट त्यात लटकवते. ती म्हणायची, "शाब्बास एलिमेन, दोन वर्षं असंच पाज." आणि बाकीच्या बायकांना विचारायची, का गं तोडलंत इतक्या लवकर? कोणी म्हणे पुन्हा दिवस गेले, कोणी म्हणे बाजाराला जावं लागतं, दोन-दोन दिवस घराबाहेर, पोर मागे राहतं, दूध आटतं, कोणी म्हणे दात लागले, कोणी म्हणे मुलगा जास्त प्याला की मठ्ठ होतो, माझ्या दिराकडेच बघा. प्रत्येकीकडे कारण होतं. मला विचारलं, "तुझं काय गं, तू कसं टिकवलंस?" सगळ्या बायका एकदम खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, "घरच्यांची साथ आहे."

वर्षाचा झाला. चालायला लागला. मी सांगणार होते, खरंच सांगणार होते. पण मग कळेना, कशासाठी सांगायचं. तुम्हाला खरं सांगू, मला भीती वाटत होती. सांगितलं की ते होणार. तोवर ते झालेलं नव्हतं. म्हणजे झालेलं होतं, पण बोललेलं नव्हतं. पाजायला बसलं की कोणी काही बोलत नाही, म्हणून मी बसायचे. याला भूक असो नसो. फणसाएवढं पोरगं बाहेर खेळतंय, त्याला ओढून आणायचे, "ये, पी." ते म्हणायचं, "नको." मी म्हणायचे, "पी मेल्या."

आणि दोन वर्षांचा झाला तशी सासूबाईंना घाई झाली. स्वतः म्हणायच्या नाहीत, मला दुखवायचं नाही ना. पण रोज कोणीतरी यायचं. ऑदेतमावशी म्हणते, "आता पुरे गं, दात बघ त्याचे, भाकरी मोडेल." फादर म्हणतात, "प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते, माझ्या मुली." मिस नादेजसुद्धा, तिलाही सांगून ठेवलेलं, म्हणते, "दोन वर्षं झाली, आता तुझ्या मनावर." मला राग यायला लागला होता. म्हटलं, यांना एवढी काय घाई लागलीय मला सांगायची? माझा नवरा मेलाय, मला ऐकायचं तेव्हा ऐकेन.

सासूबाई रोज दुपारी शेळी शोधायला जायच्या. हातात दोर घेऊन, खालच्या कोरड्या नाल्यात. आणि शेळी दाराशी बांधलेली. मी दीड वर्ष ते बघत होते हो, दीड वर्ष, शेळी इथे रवंथ करतेय आणि ह्या तिला शोधायला चालल्यात, आणि माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मला माझंच पडलेलं. एक दिवस याला ताप होता, पाला कुठे ठेवलाय विचारायला म्हणून मी मागोमाग गेले. नाल्यात दगडावर बसल्या होत्या. झगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, तो पिवळा, फुलाफुलांचा, ज्याला मी मनातून हसायचे की म्हातारीला हौस बघा. त्याच्या आत काळा परकर. सुतकाचा. वर पिवळं, आत काळं, इतके दिवस. आणि रडत होत्या. तिथे ऐकायला कोण होतं? दगड आणि सरडे. तरी तोंडावर हात दाबून धरलेला, आवाज येऊ नये म्हणून.

मी परत आले. पाला माझा मीच शोधला.

मग मला कळलं घाई कसली ते. घरात मला कळू द्यायचं नाही म्हणून म्हातारीच्या लेकाची मेल्यावरची नऊ रात्रींची प्रार्थना झाली नव्हती. कोणी अंगणात जागरणाला डोमिनो घेऊन बसलं नव्हतं, कॉफी उकळली नव्हती, कोणी त्याच्या बावळटपणाच्या गोष्टी सांगून हसलं नव्हतं, तिच्या गळ्यात पडून कोणी रडलं नव्हतं. मी पाजतेय म्हणून. माझ्या पोराचं पोट भरायला तिनं स्वतःचा पोरगा पोटात गिळून ठेवला होता. आणि मी आपली, "आई, जेवतो का हो तो नीट?"

ठरवलं, तोडायचं. कोरफड लावली. यानं चव घेतली, तोंड वाकडं केलं, झग्याच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा लागला. मिरची लावायला धीर होईना. मग ऑदेतमावशीकडे नेऊन ठेवला झोपायला. पहिल्या दिवशी इतका ओरडला की सगळ्या गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी कमी. मग ऑदेतमावशी सांगत आली, "कोंबड्यांच्या मागे पळतोय, विसरला तुला." छाती दुखत होती, पण तेवढी नाही. दूध तसं कमीच झालं होतं.

सासूबाई अंगणात बसल्या होत्या, सुपात शेंगा. गावात बातमी पोचलेलीच होती, कुंपणापलीकडे तीन डोकी दिसत होती मला, आणि तिफ्रेरही होता, निवडुंगापासून जरा लांब. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, "आई, तोडलं मी दूध. आता मी पाजत नाही." आणि हात मांडीवर ठेवून बसले. म्हटलं, बोला आता. मी तयार आहे. तुम्ही सांगा, मी ओरडते, मग तुम्ही ओरडा. दोघी मिळून ओरडू. मी आतून सगळं मोकळं करून बसले होते हो.

त्यांनी सूप खाली ठेवलं. डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. म्हणाल्या, "ऑस्नेल..."

मी म्हटलं, "हं."

"ऑस्नेल..."

कुंपणापलीकडची डोकी आणखी वर आली. आणि मी बघतेय, त्यांचं तोंड उघडतंय, आणि त्यात शब्द नाहीतच. वर्ष-दीड वर्ष त्या या दिवसाची वाट बघत होत्या, आणि आता त्या माझ्याकडे बघतायत, जशी मी सांगणार आहे त्यांना, जसं मी सांगितलं की मग ते खरं होणार.

"...ऑस्नेलला आता सगळ्या नासोत ओळखतात म्हणे," म्हणाल्या.

आणि उठल्या. तडक ऑदेतमावशीच्या अंगणात गेल्या, पोराला कोंबड्यांतून उचललं, ते लाथा मारतंय, मातीनं भरलेलं, तसंच आणून माझ्या मांडीवर आदळलं. तांब्यातल्या पाण्यात फडकं बुडवून माझी छाती पुसली, आपल्या हातानं, कोरफडीचा कडूपणा राहिला असेल म्हणून. "पाज," म्हणाल्या. "शेंगा काढायच्या दिवसांत दूध तोडू नये, पोर खुजं राहतं." असं काही नसतं हो. मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. ऑदेतमावशीनंही ऐकलं नव्हतं, तिच्या तोंडावरून दिसत होतं. पण मान क्लेर्मिजना कोण विचारणार? त्यांनी कुंपणाकडे वळून बघितलं, ओठावर बोट ठेवलं, "हळू," म्हणाल्या, "अंगावर पाजतेय ती." आणि सगळे आपापल्या घरी गेले.

याला तर काही कळेना. मघाशी कडू, आता पुन्हा पी. माझ्याकडे बघत राहिला, मग बिचाऱ्यानं घेतलं तोंडात, आजीचं मन राखायला. सासूबाई समोर बसून बघत होत्या. म्हटलं, बघ बाई. मी पाजतेय तोवर माझा नवरा मुकादम आहे आणि तुझा लेक जाड होतोय.

शेंगा झाल्या, मग म्हणाल्या पेरणीत तोडू नये. मग चंद्र वाढता होता. मग उपास आले. दूध? कसलं दूध. कधीच आटलं. एका हातात रताळं धरतो, एक घास ते आणि मधे मला नावाला तोंड लावतो, घरचा रिवाज म्हणून. तो बघा, आला वाटतं ट्रक... नाही, तो दगडांचा आहे. मी आता हिशेब सोडलाय. सासूबाई नव्वद वर्षं जगणार, त्यांच्या घराण्यात सगळ्या जगतात, म्हणजे याचं लग्न होईपर्यंत तरी काही सुटका दिसत नाही. मुलगी बघायला जाऊ तेव्हा तेवढं मात्र आधीच सांगून टाकेन तिच्या आईला, की बाई, पोरगा गुणी आहे, फक्त रोज दुपारी अर्धा तास त्याला घरी यावं लागतं.